दार लावा, दंडाची पावती खिशातच ठेवा

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या मधल्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या, दोन्हींच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. चार प्रवाशांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर जो वाद सुरू झाला तो अजून अधूनमधून उफाळतो, आणि दर वेळी तो त्याच दोन सुरांत चालतो. एक सूर म्हणतो, लोकांना शिस्त नाही, जिवाची पर्वा नाही. फूटबोर्डवर दिसला की उतरवा, दंड ठोका, दोन दिवस आत टाका, सगळे सुतासारखे सरळ येतील. दुसरा म्हणतो, साध्या लोकलची दारं बंद केलीत तर आम्ही गुदमरून मरू, आणि गाडीत कुठे उभं राहायचं हे आमचं आम्हाला ठरवू द्या. पहिल्याने स्वतःला सार्वजनिक सुरक्षिततेचा कैवारी ठरवून घेतलं आहे, दुसऱ्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: दारात उभा असलेला माणूस तिथे स्वतःच्या मर्जीने उभा आहे. वादाची गाडी घसरते ती इथेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या प्रत्येक लोकलला आपोआप बंद होणारी दारं हवीत, आणि तीही लवकर. दारात उभं राहण्याचं स्वातंत्र्य राखून ठेवावं इतकं ते मोलाचं नाही. पण गाडीला दार लावणं वेगळं आणि दार नसलेल्या गाडीत दारात उभ्या असलेल्याकडून दंड वसूल करणं वेगळं. पहिली गोष्ट सरकारने करायलाच हवी. दुसरी आजच्या परिस्थितीत निव्वळ अन्याय आहे. आणि पहिलीलाही एक अट आहे: दार लागल्यावर जो फलाटावर उरणार, त्याची सोय कशी करायची हे दार लावणाऱ्याने आधी सांगायचं.

आता त्या दारात नेमकं कोण असतं ते पाहू. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला येणारी फास्ट लोकल बदलापूर-कर्जतकडून किंवा कल्याणहून भरूनच येते. तीत चढणारा माणूस चढतो म्हणजे काय करतो? एक पाय फूटबोर्डवर, एक हात दाराच्या मधल्या दांड्याला, बॅग पोटाशी, आणि मग मागचे लोक ढकलतील तितकं आत. मागच्यांची ढकलण्याची ताकद संपली की तो जिथे आहे तिथे थांबतो, आणि पुष्कळदा ती जागा दाराच्या रेषेच्या बाहेर असते. हा झाला पहिला प्रकार, बहुतेक लटकणारे याच प्रकारचे. दुसरा प्रकार उतरण्याच्या भीतीचा. विरार गाडीत बोरिवलीचा माणूस आत गेला तर बोरिवलीला बाहेर येईलच याची खात्री नाही, म्हणून तो अंधेरीपासूनच दार धरून असतो. तिसरा प्रकार हवेसाठी दारात येणाऱ्यांचा. चौथा, स्टंट करणाऱ्या पोरांचा. व्हिडिओ फिरतात ते या चौथ्यांचे, आणि नियम सुचवले जातात तेही त्यांना डोळ्यांपुढे ठेवून. पण गर्दीच्या वेळी दारातल्या दहा जणांत असा पोरगा एखादाच. उरलेल्यांना आत दोन पावलं जागा मिळाली असती तर ते आनंदाने गेले असते. बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या दिशेने कल्याणला जाऊन त्याच गाडीने रिटर्न मारणारे लोक या शहरात हजारोंनी आहेत. एका सीटसाठी रोज अर्धा तास खर्च करणारा माणूस जिवावर उदार झालेला नसतो.

धोका किती, हेही मोजून पाहावं. मुंबईच्या लोकलचा डबा ३६६० मिलिमीटर रुंद, म्हणजे बारा फूट. शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं किमान अंतर जुन्या कामांसाठी ४२६५ मिलिमीटर धरलेलं आहे. वजाबाकी केली की दोन डब्यांच्या मध्ये ६०५ मिलिमीटर उरतात, जेमतेम दोन फूट. पुष्कळ ठिकाणी मार्ग याहून लांब आहेत हे खरं, पण वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो, टोकं बाहेरच्या बाजूला निघतात, आणि बाहेरचा रूळ उंच ठेवलेला असल्याने अख्खा डबा एका अंगाला कलतो. त्यासाठी जादा अंतर सोडायचे नियम आहेत, पण ते डब्यांसाठी. डब्याबाहेर आलेल्या पाठीसाठी आणि पाठीवरच्या सॅकसाठी नाहीत. फूटबोर्डवर उभ्या माणसाची पाठ आणि सॅक मिळून दीडेक फूट सहज बाहेर येतात. समोरच्या गाडीतही तसाच एक असला तर दोन फुटांत तीन फूट मावायचे कसे? या अपघातात रुळांच्या देखभालीचाही प्रश्न पुढे आला आणि लोहमार्ग पोलिसांनी अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणाचा निकाल काय लागायचा तो लागो. रूळ एखाद्या बोटाने इकडेतिकडे झाला तर जीव जावा इतक्या काठावर आपण रोज लाखो माणसं नेतो, हे त्यातून उघड झालं.

मग लोक स्वतःहून आत का थांबत नाहीत, पुढच्या गाडीची वाट का पाहत नाहीत? कारण एकट्याने शहाणपण केल्याने काहीच बदलत नाही. मी आजची ८.१७ सोडली तर मी सोडलेली जागा मागचा घेतो, दारात तेवढीच माणसं राहतात, आणि पुढच्या गाडीलाही तीच गर्दी. माझा लेटमार्क मात्र पक्का. सगळ्यांनी मिळून दारं बंद ठेवली तर सगळेच सुरक्षित. एकट्याने ठेवायची म्हटली तर एकट्याचंच नुकसान. अशा ठिकाणी नियम लागतो, आणि तो स्वातंत्र्याच्या आड येतो असं म्हणणं वरवरचं आहे. लाल सिग्नलला सगळे थांबतात म्हणून माझाही हिरवा सिग्नल कामाचा ठरतो. दारात लटकण्याचं 'स्वातंत्र्य' काढून घेतल्याने माणसाचं काही हिरावलं जात नाही, उलट ज्या स्पर्धेतून त्याला एकट्याला बाहेर पडता येत नव्हतं तिच्यातून तो सुटतो. म्हणून मी दाराच्या बाजूने आहे.

मग दंडाच्या बाजूने का नाही? कायद्यातच पाहा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १५६ सांगतं की टपावर, पायरीवर किंवा फूटबोर्डवर प्रवास करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वादात कुणी सांगत नाही असा त्यातला एक तुकडा आहे: रेल्वे कर्मचाऱ्याने आधी ताकीद दिली पाहिजे, आणि ती मिळूनही तो हटला नाही तर हा गुन्हा. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी असं धरलं की ताकीद मिळाल्यावर माणसाला जायला दुसरी जागा असेल. डोंबिवलीच्या फलाटावर पोलिसाने शिट्टी वाजवून 'आत व्हा' म्हटलं तर तो कुठल्या आत होणार? त्याच कायद्याचं कलम १२४ अ सांगतं की प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर दोष कुणाचा हे न पाहता रेल्वेने भरपाई द्यायची. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा, अशा कारणांनी ती नाकारता येते. रेल्वेने अनेक खटल्यांत म्हणून पाहिलं की हा दारात उभा होता, चूक त्याची. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीला खटल्यात सांगितलं की उघड्या दारात उभं राहणं फार तर निष्काळजीपणा होईल, गुन्हेगारी कृत्य होत नाही. २०१८ च्या रीना देवी खटल्यातही निष्काळजीपणाला 'स्वतःहून करून घेतलेली इजा' म्हणायला न्यायालयाने नकार दिला. एका हाताने पाचशेचा दंड आणि दुसऱ्या हाताने आठ लाखांची भरपाई, अशी ही व्यवस्था आहे. यातला दुसरा हात खरं बोलतो.

बंधनं सगळी सारखी नसतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत गाडीतल्या सगळ्यांना, मागच्या सीटवरच्यांनाही, सीटबेल्ट सक्तीचा झाला. त्याच्या दोन महिने आधी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले होते. त्या सक्तीविरुद्ध 'माझा जीव, माझी मर्जी' म्हणणाऱ्याला मी फार भाव देणार नाही: पट्टा समोर लटकतो आहे, लावायला तीन सेकंद लागतात, कामावर वेळेत पोचण्यात त्याने काडीचा फरक पडत नाही. तिथे दंड योग्य. दहीहंडीचं उलटं आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर मर्यादा घालायचं नाकारलं, पण १४ वर्षांखालच्या मुलांना वर चढवायला बंदी ठेवली. मोठा माणूस सराव करून, वर्षातून एकदा, स्वतः ठरवून थरावर चढतो. ती त्याची मर्जी म्हणता येईल. लहान पोराची म्हणता येणार नाही. ही रेघ मला पटते, आणि तीच लोकलला लावून पाहिली तर दारातला नोकरदार सीटबेल्टवाल्याशेजारीही बसत नाही आणि गोविंदाशेजारीही नाही. त्याच्याकडे पट्टाही नाही आणि हौसही नाही.

आता दारांच्या विरोधातले मुद्दे. हे मुद्दे मांडणाऱ्यांना 'बदलाला घाबरणारे' म्हणून उडवून लावण्याची फॅशन आहे. ती सोडून द्यावी, कारण त्यांचे तीन आक्षेप भक्कम आहेत.

पहिला हवेचा. डबा वीसेक मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद, आत डोक्यावर जागा धरून उंची साधारण अडीच मीटर: एकूण १८० घनमीटरच्या आसपास. गर्दीच्या वेळी चारशे माणसं धरली तर त्यांचीच शरीरं पंचवीसेक घनमीटर खातात. उरली दीडशे घनमीटर हवा. शांत उभा माणूस तासाला साधारण अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चारशे जणांचे झाले सात घनमीटर. म्हणजे हवा अजिबात बदलली नाही तर दहा मिनिटांत त्या डब्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पाऊण टक्क्याने वाढतं, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ वीसपट होतं. त्यात प्रत्येक शरीर शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता टाकतं, म्हणजे डब्यात चाळीस किलोवॉटची भट्टी. खिडक्या उघड्या असतातच, पण पावसात त्या कोण उघड्या ठेवतं? आणि मधल्या माणसापर्यंत खिडकीची हवा पोचते का? तेव्हा 'गुदमरू' ही तक्रार नाजूकपणाची नाही, ती साध्या गणिताची आहे. मुंब्र्यानंतर रेल्वेने साध्या लोकलसाठी जो आराखडा जाहीर केला त्यात हे गणित मान्य केलेलं दिसतं: दारांना झडपा, छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रं, आणि डब्यातून डब्यात जाण्याचा मार्ग, म्हणजे गर्दी स्वतःच थोडी पांगेल. वरच्याच हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडची वाढ दोन दशांश टक्क्यांवर रोखायची तर एका डब्यात तासाला साडेतीन हजार घनमीटर हवा आत यायला हवी. हे यंत्राला अवघड नाही. पण ती रिकाम्या डब्यात कारशेडमध्ये मोजून चालणार नाही. ठाण्याहून सुटलेल्या सकाळच्या फास्ट गाडीत, मे महिन्यात आणि जुलैतल्या धो धो पावसात, डब्याच्या मधोमध मोजली पाहिजे आणि आकडे जाहीर केले पाहिजेत.

याच आक्षेपाचा दुसरा भाग बंद पडलेल्या गाडीचा. १९ ऑगस्ट २०२५ ला पावसाने रेल्वे कोलमडलेली असताना लोक मोनोरेलकडे वळले. १०४ टन पेलणाऱ्या गाडीत १०९ टनांच्या आसपास भार झाला, वीजपुरवठ्याशी असलेला संपर्क तुटला आणि गाडी मैसूर कॉलनीजवळ उंचावर अडकली. एसी बंद, दारं बंद, पाचशेहून जास्त माणसं आत, आणि अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून त्यांना उतरवेपर्यंत तास न् तास गेले. दारांचा पुरस्कार करणाऱ्याने हे चित्र डोळ्यांआड करू नये. शीव-कुर्ल्याच्या मध्ये पाणी भरून लोकल थांबणं हे तर दर पावसाळ्यातलं. तेव्हा वीज गेली तरी बॅटरीवर पंखे किती मिनिटं चालतील, आतून दार उघडायचा दांडा कुठे आहे, गर्दीत त्याच्यापर्यंत हात पोचतो का, आणि तो ओढल्यावर शेजारच्या मार्गावरच्या गाडीला इशारा जातो का, हे चार प्रश्न दाराच्या रंगापेक्षा महत्त्वाचे आहेत. तरीही यातून दारं नकोत असं निघत नाही. मोनोरेल अडकली ती मर्यादेबाहेर माणसं भरली म्हणून. माणसं मोजणारं आणि 'आता बस' म्हणणारं फलाटावर कुणी नव्हतं म्हणून.

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकल स्थानकात वीस-तीस सेकंद थांबते. आज माणसं गाडी पुरती थांबायच्या आत उतरू लागतात आणि सुटल्यावरही चढत असतात, म्हणजे उघडं दार स्वतःच थोडी सेकंदं देऊन जातं. बंद होणाऱ्या दारांत सगळी दारं लागल्याचा इशारा मिळाल्याशिवाय मोटरमनला गाडी हलवता येत नाही. एका दारात एक सॅक अडकली की बारा डबे उभे. एसी लोकलमध्ये हे रोज दिसतं. तीन मिनिटांच्या अंतराने तासाला वीस गाड्या जातात. थांबे लांबून ते अंतर साडेतीन मिनिटं झालं तर सतराच. गाडीत साडेचार हजार माणसं धरली तर एका तासात, एका मार्गावर, तेरा हजारांहून जास्त माणसांची वाहतूक कमी झाली. ही माणसं कुठे जाणार?

तिसरा आक्षेप तोच, आणि माझ्या मते सगळ्यांत भारी: फलाटावर. दारातून काढलेली माणसं हवेत विरत नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर, पाऊस थांबायची वाट पाहत लोक जिन्यावर साचले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तिथे कुणी दारात लटकलं नव्हतं. धावत्या गाडीतला धोका उचलून जिन्यावर ठेवला तर सुरक्षितता वाढली असं म्हणायचं का? ज्याला फक्त 'रेल्वेतून पडून झालेले मृत्यू' या रकान्यातला आकडा उतरलेला दाखवायचा आहे तो म्हणेल, हो.

या तिन्ही आक्षेपांना एकच उत्तर आहे, आणि ते घाटकोपरला उभं आहे. ८ जून २०१४ पासून तिथे वर्सोव्याची मेट्रो येते. सकाळी तीत शिरणारी आणि खाली लोकलला लटकणारी माणसं एकच आहेत: तेच पगार, तेच जेवणाचे डबे, तोच लेटमार्क. वर मेट्रोत दार बंद होतं, कुणी गुदमरत नाही, उरलेला माणूस पिवळ्या रेघेमागे थांबतो. खाली तोच माणूस फूटबोर्ड शोधतो. जिना उतरताना त्याची शिस्त कुठे सांडते? वर त्याला माहीत असतं की दुसरी गाडी काही मिनिटांत येणार आणि तीत शिरता येणार. खाली त्याला हेही माहीत असतं की येणारी गाडी याहून भरलेली असेल, किंवा 'तांत्रिक कारणास्तव' येणारच नाही. शिवाय मेट्रोच्या फलाटावर लोक अडवून, रांगेने सोडले जातात. अडवून घेणं लोकांना मान्य आहे, पुढची गाडी खरी असेल तर.

सोय न करता सक्ती केली की काय होतं हे या शहराने एकदा फार महागात पाहिलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या, आजाऱ्याला उचलून रुग्णालयात, घरच्यांना विलगीकरणात, स्टेशनांवर तपासण्या. त्याच्या आधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. लाखो लोक शहर सोडून पळाले आणि जाताना साथ बरोबर घेऊन गेले. पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात तो मेला, मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. मग सरकार नरमलं: जातीजमातींना स्वतःची रुग्णालयं चालवू दिली, स्थानिक पुढाऱ्यांना हाताशी धरलं, हाफकिनची लस मर्जीवर सोडली. आणि एवढं सगळं करून प्लेग पसरत होता तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे शास्त्राला पुढे पटलं. दंडुका माणसांच्या सवयींवर चालत राहिला, रोग गोदामांत आणि कोंदट चाळींत फिरत राहिला. सार्वजनिक सुरक्षितता त्या काळीही खरी गरज होती. प्लेगने माणसं खरोखर मरत होती. सक्ती करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही. पण कारण इमारतीत आणि उपाय माणसावर, ही गफलत तेव्हा झाली आणि फूटबोर्डवरच्या दंडात तीच होते आहे.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर १५ ऑगस्ट २०२१ पासूनचं आहे. दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यालाच लोकलचा पास मिळत होता. साथीत काही बंधन लागणारच, पण ज्याला लस मिळाली नव्हती तो वसईहून दादरला चालत जाणार होता का? बसमधून जाताना त्याचा विषाणू कमी पसरत होता का? ज्याच्यावर बंधन घातलं त्याच्याकडे दुसरा रस्ता होता की नाही, हा प्रश्न तेव्हाही कुणी नीट विचारला नाही. उच्च न्यायालयात मात्र तो विचारला गेला आणि सरकारची उत्तर देताना दमछाक झाली.

तेव्हा दारं लावताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाड्या आणि मार्ग. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातल्या २३८ वातानुकूलित गाड्या वर्षानुवर्षं निविदांच्या फेऱ्यांत फिरत राहिल्या. ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंतचा अजून पुरा नाही, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे लोकलच्याच रुळांवर येतात. बारा डब्यांच्या जागी पंधरा डबे लावले की एका गाडीत पंचवीस टक्के जागा वाढते, त्याला नवीन मार्गही लागत नाही. लागतात ते लांब फलाट, आणि ते बांधणं हे काही चंद्रावर जाणं नाही. भाड्याचंही सांगायला हवं. चर्चगेट-विरार दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास तीनशे रुपयांच्या आसपास, एसीचा दोन हजारांच्या वर. आज मुंबईत बंद दार म्हणजे एसी दार. साध्या गाड्या कमी करून त्यांच्या वेळेला एसी सोडली की तीनशेवाला पुढच्या साध्या गाडीच्या दारात जाऊन लटकतो. बदलापूर आणि कळव्याच्या प्रवाशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एसी गाड्यांविरुद्ध आंदोलनं केली ती याच हिशेबाने. लोक त्यांना मागासलेले म्हणाले. हिशेब त्यांचाच बरोबर होता. सुरक्षितता भाड्याच्या वर्गाप्रमाणे विकायची असेल तर तिला सार्वजनिक म्हणू नये.

एक बाब बहुतेक पुरुषांच्या चर्चेत येतच नाही. डब्यातून डब्यात जायचा मार्ग झाला की गर्दी पांगते, हवाही फिरते. पण महिलांचा डबा आज सुरक्षित वाटतो तो त्याला आतून रस्ता नाही म्हणून. रात्री साडेअकराच्या बोरिवली गाडीत आजूबाजूच्या डब्यातून कुणीही चालत येऊ शकणार असेल तर दारातून पडण्याचा धोका घालवून आपण दुसरा आणला. उपाय आहे: महिला डब्याच्या दोन्ही टोकांना मार्ग ठेवायचा, पण तो फक्त आणीबाणीत गार्डने सोडायचा. मात्र हे आराखडा कागदावर असतानाच ठरावं लागतं. गाडी बनल्यावर लोखंडात नवं दार पाडत नाहीत, तिथे फक्त 'महिलांसाठी' अशी पाटी चिकटवतात.

आणि या सगळ्याला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत काय? फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या वर नेल्यापासून गाडी आणि फलाटाच्या फटीत पडणं कमी झालं. त्यासाठी एकाही प्रवाशाला पाचशे रुपये दंड करावा लागला नव्हता. तसंच आता: जिथे दोन मार्ग जवळ आहेत त्या वळणांवर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचा वेग उतरवा. अर्ध्या मिनिटाचं नुकसान होईल, होऊ द्या. मंत्रालय, महापालिका, बँका यांच्या वेळा खरोखर दीड तासात पसरवा, परिपत्रकात नव्हे, मस्टरवर. हे करायचं तर गर्दीच्या वेळेशी बांधून घेतलेल्या कचेऱ्यांना त्रास होईल. प्रवाशाला शिस्त शिकवणारे लेख लिहिणारे बरेच जण त्याच कचेऱ्यांत साहेब असतात, हे जाता जाता.

दंड मी कायमचा काढून टाका म्हणत नाही. गाडीला दार आहे, आत श्वास घेता येतो, तीनशेच्या पासवर चालते, आणि पुढची तीन मिनिटांवर असल्याचं इंडिकेटर खरं सांगतो आहे, अशा गाडीच्या दारात कुणी मित्रासाठी पाय घालून बारा डबे अडवून धरले, तर त्याच्याकडून पाचशे काय, पाच हजार घ्या. त्या दिवशी कलम १५६ मधल्या ताकिदीला अर्थ असेल, कारण 'आत व्हा' म्हणणाऱ्याला आत जागा दाखवता येईल.